जुन्या जीपमध्ये नवं इंजिन टाकायच्या आधी

मोहोर, तुडतुडे, फवारणी हे आपले नेहमीचे विषय आज बाजूला ठेवतो. गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "घरी जुनी जीप उभी आहे, चेसी बरी आहे, इंजिन गेलंय. त्यात नवीन इंजिन टाकलं तर हंगामाला चालेल का?" तिघांपैकी एक आमच्याच वेळणेश्वरच्या वाडीतला पोरगा. वडील गेल्यापासून बाग तोच बघतो. सड्यावरची कलमं, खाली समुद्रालगत माड-पोफळीचं आगर, आणि मधे तो उतार. त्याला फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

पहिल्यांदा हे सांगतो, की कल्पना वेडगळ नाही. जुन्या गाडीत नवं इंजिन हे काम आपल्याकडे कारखान्यांनीच केलेलं आहे. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ साली 'प्रीमियर ११८ एनई' काढली. तिची बॉडी मुळात १९६६ सालच्या फियाट १२४ ची, आणि आत इंजिन जपानच्या निसानचं, ११७१ सीसीचं. नावातलं 'एनई' म्हणजेच निसान इंजिन. ॲम्बेसेडरचंही तसंच. पन्नाशीच्या दशकातला सांगाडा, पण नव्वदीच्या दशकात त्यात इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं आणि ती जुनी गाडी पळायला लागली. महिंद्राची जीप तर आपल्या घरातलीच. मूळ अमेरिकन विलीजचं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. पुढे प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने इगतपुरीच्या कारखान्यात डिझेल इंजिन बनायला लागलं. एक्सडीपी ४.९० असं त्याचं नाव. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. जीपचं रूप तेच राहिलं, पोटातलं यंत्र बदललं.

रायवळ आंब्याच्या जुन्या खुंटावर हापूसची काडी बांधणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पण काडी जगली म्हणजे कलम झालं असं आपण म्हणत नाही. सांधा भरला पाहिजे, खालच्या मुळांनी वरचा भार पेलला पाहिजे. गाडीचं तसंच आहे.

या गाड्यांमध्ये इंजिन बदलणं सोपं का पडतं तेही समजून घ्या. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सगळं एका ओळीत मांडलेलं असतं. पुढे इंजिन, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट, आणि शेवटी मागच्या हाऊसिंगमधली क्राऊन-पिनियन. प्रत्येक वस्तू वेगळी, बोल्ट काढला की सुटते. हल्लीच्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स आणि पुढची चाकं एकातच गुंफलेली असतात, तिथे असा उद्योग करता येत नाही. जीपच्या बॉनेटखाली हात घालायला जागा असते, म्हणून मिस्त्रीला मोह होतो आणि मालकालाही.

आमच्याकडची जीप लांब चेसीची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी, पेट्रोल. वडिलांनी (त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो) ती जुनीच घेतलेली. लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची, भरलेली असली तर तेवढंही नाही. हंगामात सड्यावरून पेट्या खाली आणायच्या, शृंगारतळीला खत आणायला जायचं, कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री गुहागर नाहीतर चिपळूण गाठायचं, सगळं तिच्यावरच. पेट्रोल इंजिन धूर सोडायला लागलं तेव्हा भाऊंनी ठरवलं, की आता डिझेल बसवायचं. २००१ सालची थंडी होती. एका अपघातात चेपलेल्या जीपचं डीआय इंजिन पावतीसकट मिळालं. मी तेव्हा गॅरेजमध्ये पाने देत बसायचो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

आता त्या दोन इंजिनांतला फरक. जुनं हरिकेन २१९९ सीसीचं, हॉर्सपॉवर सत्तरच्या वर, पण ती चार हजार आरपीएमला. डीआय इंजिन २५२३ सीसीचं, हॉर्सपॉवर ६३ च्या आसपास, आणि ती ३२०० आरपीएमलाच संपते. कागदावर नवं इंजिन कमी ताकदीचं दिसतं. पण त्याची ओढ, म्हणजे टॉर्क, १५०० आरपीएमच्या आसपासच पुरती मिळते. चढावर भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर न कण्हता जाते ती त्यामुळे.

इथेच पहिला हिशोब येतो. विहिरीवरचं ६५० आरपीएमचं स्लो स्पीड इंजिन काढून तिथे १४४० ची मोटर लावली, तर आपण पुली बदलतो की नाही? नाही बदलली तर पंपाचे फेरे दुपटीच्या वर जातात. गाडीत पुलीचं काम मागच्या हाऊसिंगमधली क्राऊन-पिनियन करते. आमच्या जीपला ५.३८ चा रेशो होता, म्हणजे शाफ्टचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. चाकाचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटरचा. मग करा गणित:

पेट्रोल इंजिन ४००० आरपीएमला: ताशी सुमारे १०० किलोमीटर.
डिझेल इंजिन ३२०० आरपीएमला: ताशी सुमारे ८० किलोमीटर.

म्हणजे तीच पिनियन ठेवली तर गाडी ऐंशीच्या पुढे जाणार नाही, आणि साठ-सत्तरला इंजिन आरडाओरडा करणार. रेशो ४.८८ केला तर तोच वेग ८८ पर्यंत जातो, इंजिन थोडं शांत चालतं, पण चढावरची ओढ तेवढी कमी होते. भाऊंनी ५.३८ च ठेवला. त्यांचं म्हणणं, "मला मुंबईला शर्यत लावायची नाही, सड्यावरून पेट्या आणायच्यात." ज्याला चिपळूण-मुंबई करायचंय त्याने वेगळा विचार करावा. पण विचार इंजिन घ्यायच्या आधी करावा. आणि कारखान्यांनी काय केलं तेही बघा. ११८ एनईला निसानचं इंजिन बसवलं तेव्हा गिअरबॉक्सही निसानचाच घेतला, ॲम्बेसेडरला इसुझूचं इंजिन आलं तेव्हा पाच गिअरचा बॉक्सही सोबत आला. शक्य असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच घ्या. क्लच, बेल हाऊसिंग, सगळी जुळवाजुळव वाचते.

दुसरा हिशोब शाफ्टचा. गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी बदलते, मग प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा जोडावा लागतो. कापून नुसतं वेल्डिंग करून चालत नाही, लेथवर बॅलन्स करून घ्यायचा. शिवाय इंजिन किती कलतं बसवलंय हेही महत्त्वाचं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. क्रॉस वाकड्यात फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. पुढच्या क्रॉसने केलेली खोडी मागचा क्रॉस निस्तरतो, पण कधी? गिअरबॉक्सचं तोंड आणि हाऊसिंगचं तोंड एकमेकांना समांतर असतील तरच. नाहीतर ठराविक वेगाला गाडी थरथरते, क्रॉस महिन्यात खलास होतात, आणि माणूस इंजिनाला शिव्या देतो.

तिसरी गोष्ट चेसी. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. चेसी वरून रंगवलेली छान दिसते. नवे इंजिन माऊंट ज्या पट्टीवर वेल्ड करायचे, ती पट्टी आधी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला तर आतून गंज खाल्लाय, तिथे वेल्डिंग धरणार नाही. आमची पुढची आडवी पट्टी अशीच निघाली, ती अख्खी नवीन घातली.

बाकी बारीकसारीक कामं: डिझेलला टाकीकडे परतीची एक वेगळी नळी लागते, टाकी आतून धुवावी लागते, रेडिएटर मोठा लागतो, सुरू करायला जास्त दमाची बॅटरी लागते, किल्ली बंद केल्यावर पेट्रोल इंजिन थांबतं तसं जुनं डिझेल थांबत नाही, त्याला ओढायची वायर द्यावी लागते. सम्प खाली ॲक्सलला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना घासत नाही ना हे भरल्या गाडीने बघायचं, रिकाम्या नाही. डिझेल इंजिन वजनदार, पुढचे पाटे बसतात. ही यादी मिस्त्रीला माहीत असते, पण आपल्यालाही माहीत असावी.

आता मुख्य मुद्दा. ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

इंजिन बसलं, पहिल्या किल्लीला धडधडायला लागलं, भाऊ खूश. फेब्रुवारी उजाडलेला, मोहोराची फवारणी डोक्यावर. भाऊ म्हणाले, "मिस्त्री, गाडी द्या आता, उद्यापासून औषधाचे ड्रम वर न्यायचेत." मिस्त्री हात पुसत म्हणाले, "भाऊ, गाडी देत नाही. ब्रेक तसेच ठेवून मी ही गाडी गॅरेजच्या बाहेर काढणार नाही."

भाऊंना ते पटेना. ब्रेक लागत होते की. आणि पैसा सगळा इंजिनात गेलेला, उरलेला फवारणीसाठी बाजूला काढलेला. मिस्त्रींनी तेव्हा जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. "ब्रेक होते तेवढेच आहेत, पण तुम्ही आता तेवढेच राहणार नाही. आधी इंजिन दमायचं म्हणून तुम्ही वीस पेट्या भरायचात. आता हे इंजिन चाळीस ओढेल, म्हणून तुम्ही चाळीस भराल. वर गडी बसतील. चढ इंजिन चढवेल. उतार कोण उतरवणार?"

याचं गणित मी पुढे स्वतः मांडून बघितलं. भरलेली जीप दोन टन धरा. १०० मीटर उंचीवरून खाली येताना जेवढी ऊर्जा मुरवावी लागते, ती ताशी साठच्या वेगाने चाललेली तीच गाडी सात वेळा जागच्या जागी थांबवण्याएवढी असते. सातही वेळा लागोपाठ, ड्रम गार व्हायला वेळ न देता. काही भाग इंजिन गिअरमध्ये धरून ठेवतं, पण डिझेलचं धरणं पेट्रोलसारखं नसतं. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन मागे ओढतं. जुन्या डिझेलमध्ये हवेची वाट उघडीच असते, त्यामुळे हाताचा जुना अंदाज चुकतो. उरलेली सगळी उष्णता ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनर लांब राहतं, पायाखालचं पेडल खोल जातं. वेळणेश्वरचा उतार ज्यांनी उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वळणं आहेत, आणि खाली वस्ती आहे, देवळाला येणारी माणसं आहेत.

वर आमच्या जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच खोलीचा होता. एक नळी कुठे फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. आणि पुढे बूस्टर लावायचा तर त्यालाही अडचण, कारण बूस्टरला व्हॅक्युम लागतो, पेट्रोल इंजिनात तो आपोआप तयार होतो, डिझेलमध्ये होत नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप असलेलाच अल्टरनेटर घ्यावा लागतो.

भाऊ दोन दिवस गप्प होते. मग माळ्यावर भाव चढायची वाट बघत ठेवलेली सोललेली सुपारी काढली आणि मिळेल त्या भावाला घातली. आई काही बोलली नाही, पण तिला लागलं होतं, कारण त्या सुपारीवर बहिणीच्या लग्नाचा हिशोब होता. त्या पैशात दोन खोल्यांचा टँडम मास्टर सिलिंडर, बूस्टर, पंपवाला अल्टरनेटर, चारही चाकांचे नवे सिलिंडर आणि लायनर, आणि बंपरपासून मागपर्यंत सगळ्या ब्रेकच्या नळ्या नव्या झाल्या. जुन्या नळ्या काढल्या तेव्हा मागच्या हाऊसिंगवरची एक बोटाने दाबल्यावर मोडली. खाऱ्या हवेने ती कागदासारखी झाली होती. भाऊंनी तो तुकडा कितीतरी वर्षं गाडीच्या खणात ठेवला होता.

लग्न पुढच्या वर्षी झालं. गाडी अजून आहे.

त्या पोराला मी हेच सांगितलं. त्याच्या मनात आहे ते हल्लीचं कॉमन रेल इंजिन. ताकद जास्त, धूर कमी, खरं आहे. पण ते इंजिन म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. त्याच्यासोबत कॉम्प्युटर, सेन्सर, अख्खं वायरिंग, तारेवर चालणारं पेडल, चावीची कुलुपबंदी हे सगळं यावं लागतं. त्यातला डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो, त्यात पाण्याचा थेंब गेला की इंजेक्टर गेले. आपल्या खाऱ्या हवेत एका कनेक्टरला हिरवा गंज चढला की गाडी सड्यावर उभी, आणि स्कॅनर घेऊन वर कोण येणार? जुनं यांत्रिक पंपाचं इंजिन असेल तर पंप-नोझलवाला ते चिपळूणला खोलून देतो. नवं ते चांगलं, पण दुरुस्ती किती लांब आहे तेही अंतर मोजा.

आणि कागद. हा भाग कुणाला आवडत नाही, पण ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करायचा नाही, आणि इंजिन बदलायचं तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यायची. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही. भाऊंनी २००१ साली इंजिनाची पावती जोडून अर्ज केला, तपासणी झाली, पुस्तकावर नवा इंजिन नंबर आणि 'डिझेल' अशी नोंद झाली. आज दुसऱ्या जातीचं इंजिन टाकायचं म्हणाल तर ते तेवढं सोपं राहिलेलं नाही. त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर वाट बरीच सरळ आहे. म्हणून इंजिनाचा बयाणा द्यायच्या आधी रत्नागिरीच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यावीच लागते, तेव्हा इंजिन नंबर बघतातच. आणि देव न करो, मागे बसलेल्या गड्याला काही झालं, तर नंबर न जुळणाऱ्या गाडीसाठी विमा कंपनी हात वर करायला मोकळी. मग भरपाईला कलमं विकावी लागतील.

पोरगा ऐकत होता, पण चेहरा उतरला. म्हणाला, "काका, एवढं सगळं करायचं तर इंजिनाएवढाच पैसा परत लागणार. तोवर हंगाम निघून जाईल." खोटं नाही ते. त्याच्याकडे पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. पिकअप भाड्याने घेतली तर पेटीमागे जे सुटतं त्यातलं बरंच भाड्यात जातं, हे मलाही कळतं. घरी आई आणि धाकटा भाऊ आहे. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, वेळ निभावायची त्याला असते.

म्हणून आम्ही असं ठरवलंय. या हंगामात त्याच्या पेट्या माझ्या जीपने खाली येतील, डिझेल त्याचं, गाडी माझी, दिवसाआड. त्याची जीप तोवर उभीच राहील, पण नुसती नाही. आहे त्या पैशातून पहिल्यांदा तिचे ब्रेक, नळ्या आणि चेसीची पट्टी होईल. पावसाळ्यात तो कार्यालयाचा कागद बघेल. दिवाळीनंतर, हातात आंब्याचे पैसे आल्यावर, इंजिन. आणि तेव्हाही हिशोब बसला नाही, तर चांगल्या ब्रेकची जीप विकायला तरी बरी पडते.

ज्यांची जुनी गाडी आजही चालू आहे, इंजिन बदलायचं नाही, त्यांनीही एक काम करा. पेट्या भरायला सुरुवात व्हायच्या आधी गाडी जॅकवर घ्या, मागच्या हाऊसिंगवरची ब्रेकची नळी कापडाने पुसा आणि नखाने खरवडून बघा. पापुद्रे निघाले तर बदला. ब्रेक ऑईल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही बदला. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मिसळलेलं ऑईल उतारावर लवकर उकळतं. दमट हवेत राहणाऱ्यांना हे जास्त लागू.

कुणी मंजुरी घेऊन अलीकडे इंजिन बदललं असेल, तर कुठली कागदपत्रं लागली ते जरूर लिहा. तिघांना तरी ते लगेच हवंय.